म्हशींना पोहता येतं

नाना घरात यायच्या आधी त्यांचं हसू यायचं. ओट्यापाशी चपला काढतानाच ते रस्त्यावरच्या कुणाला तरी काहीतरी बोललेले असायचे. त्या माणसाचं हसणं आणि त्यावर यांचं हसणं, दोन्ही मिळून माझ्या खोलीपर्यंत पोचायचं. पारनेर तालुक्यातल्या बोरगव्हाणच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा नानांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. पुढे राहुरीला बदली होईपर्यंत मी तिथेच राहिले. त्यामुळे मला दोन्ही नाना पाहायला मिळाले. आधीचे हसवणारे, आणि नंतरचे.

मी आले तेव्हा ते गावचे सरपंच होते. उंच, काळेसावळे, पांढरा लेंगा-सदरा आणि डोक्यावर किंचित तिरकी टोपी. एसटीच्या थांब्यावर अनोळखी माणूस दिसला की त्याला हाताला धरून घरी चहाला आणायची त्यांना खोडच होती. "अगं, पाव्हनं आल्यात," म्हणून ओट्यावरूनच हाळी द्यायचे. आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, विचारायच्या, "कोन पाव्हनं?" नाना म्हणायचे, "ते इचारायचं ऱ्हायलंय अजून. तू चा टाक." विमा विकणारा, बियाण्याच्या कंपनीचा माणूस, रस्ता चुकलेला टेम्पोवाला, कितीतरी लोक त्या घरात चहा पिऊन गेले. त्यातले काही पुढे वर्षानुवर्षं दिवाळीला फोन करायचे.

गावाबद्दल त्यांची एक ठाम समजूत होती. "बाई, मान्साला जसं तोंड असतं तसं गावाला तोंड पायजे. तोंड बघून लोक खुर्ची देत्यात." शाळेची रस्त्याकडची भिंत त्यांनी रंगवून घेतली होती, मागची तशीच होती. थांब्यावर गुलमोहर लावले होते आणि त्यांना उन्हाळ्यात स्वतः बादलीने पाणी घालायचे. एसटीतून कुठे निघाले की खिडकीशी बसून वाटेतल्या गावांच्या कमानी तपासत जायचे. "कमान बरीये, पर सिंहाचं त्वांड मांजरासारखं केलंय," असा निकाल द्यायचे आणि अख्खी एसटी हसायची.

लोकांना हसवून कामं करून घेणं ही त्यांची हातोटी होती. दोन भावांचं बांधावरचं भांडण त्यांनी एका विनोदावर मिटवलेलं मी पाहिलं आहे. समोरचा चिडून आलेला असायचा, हसायचा, आणि हसल्यावर चिडता यायचं नाही म्हणून मुकाट निघून जायचा. त्या वेळी मला ही मोठी कला वाटायची.

गावाच्या पूर्वेला एक ओढा आहे. त्याच्या पलीकडे शेतांत विखुरलेली चांगली मोठी वस्ती होती. गावातले लोक तिला नुसतं 'पल्याड' म्हणायचे. उन्हाळ्यात ओढा कोरडा असायचा आणि पल्याडचे लोक दगडांवरून ये-जा करायचे. पावसाळ्यात पाणी गुडघ्याला, कधी कमरेला लागायचं. डोंगराकडे जोराचा पाऊस झाला की दिवस दिवस उतरत नसे. तिथे पूल व्हावा ही मागणी जुनी होती. इतकी जुनी की ती ऐकू येणं बंद झालं होतं.

त्या वर्षी गावाला एका मोठ्या कामासाठी निधी मिळायचा होता. ओढ्यावरचा पूल किंवा गावच्या तोंडाशी कमान आणि तिच्या शेजारी सभामंडप, यातलं एक निवडायचं होतं. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. नानांच्या मनात कमान होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

सभेत पल्याडची सुमन उभी राहिली. तिशीच्या पुढची, सडसडीत बाई. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. सगळ्या देशातले रस्ते पाहिलेला तो माणूस घरी येताना मात्र ओढ्यापाशी चपला हातात घ्यायचा. म्हशी, शेत आणि घर सुमनच बघायची. तिची मुलगी अश्विनी माझ्या आठवीच्या वर्गात होती.

"नाना, कमान चांगलीच हाय," सुमन म्हणाली. "पर आमी कमानीपातूर यायचं कसं? पावसाळ्यात दूध टायमात पोचत न्हाई, डेअरीवाला परत पाठिवतो. कांद्याचा टॅक्टर ओढ्यात रुततो म्हनून यापारी आमाला भाव पाडून देतो. पोरं वली हून शाळंत बसत्यात. आमाला आधी पूल द्या."

 तिचं बोलणं बिनतोड होतं. नानांनी टोपी सारखी केली आणि हसत म्हणाले, "सुमन, त्या पुलावरनं जास्त येनंजानं कुनाचं? तुज्या म्हशींचंच ना? मग काळजी कशाला? म्हशींना पोहता येतं की."

सगळी सभा हसली. कुणीतरी मांडीवर थाप मारली. मागे बसलेल्या बायका पदरात तोंड लपवून हसल्या. सुमनही कसनुसं हसली आणि खाली बसली. ती हसली म्हणून सगळ्यांना वाटलं, तिलाही पटलं. ठराव कमानीचा झाला.

कमान खरंच देखणी झाली. दोन बाजूंना हत्ती, वर गावाचं नाव, खाली 'यांच्या प्रयत्नातून' म्हणून नानांचं नाव. उद्घाटनाला मोठे लोक आले, त्यांनी कमानीखाली उभं राहून फोटो काढले. नाना त्या दिवशी नवरदेवासारखे मिरवत होते.

मग पाऊस सुरू झाला.

नानांचं ते वाक्य गावाला फार आवडलं होतं. पिठाच्या गिरणीत, डेअरीवर, पारावर ते रोज कुणीतरी म्हणायचं. पल्याडचा माणूस ओला होऊन आला की "काय, पोहत आला का?" असं विचारायचे. गिरणीत एकदा नानांसमोरच कुणी तसं बोललं, तेव्हा नानाही खुशीत हसले होते. शाळेत तर ते वाक्य एका शब्दावर आलं. पल्याडची मुलं दप्तरं डोक्यावर धरून, कमरेपर्यंत भिजून वर्गात शिरली की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "म्हशी आल्या." मी ओरडायचे, शिक्षा करायचे. वर्गात थांबायचं आणि सुट्टीत सुरू व्हायचं.  अश्विनी दाराजवळच्या बाकावर बसायची, म्हणजे तिच्या परकराचं पाणी दुसऱ्या कुणाच्या पायाशी जाऊ नये.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर नाना दरवर्षी मुलांना लाडू वाटायचे. प्रत्येकाच्या हातात स्वतः ठेवायचे, प्रत्येकाशी काहीतरी बोलायचे. त्या वर्षी पल्याडची मुलं उशिरा आली होती आणि रांगेच्या शेवटी, जरा बाजूला, ओलीच उभी होती. नानांच्या बरोबर त्यांचा पहिलीतला नातू टोपली धरायला हात लावत चालला होता. रांग संपत आली तेव्हा त्याने वर बघून अगदी सरळ मनाने विचारलं, "नाना, म्हशींना पन द्यायचे का लाडू?"

त्या पोराला वाटत होतं, त्यांचं नावच ते आहे.

आम्ही शिक्षक शेजारीच उभे होतो. नानांचा हात लाडवासकट तसाच राहिला. समोर अश्विनी होती. तिनेच हात पुढे करून लाडू घेतला आणि शाळेत शिकवलं होतं तसं म्हणाली, "थँक्यू, नाना."

त्या दुपारी नाना जेवले नाहीत. ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी शाळेतून आले तेव्हा म्हणाले, "बाई, शाळंत असंच म्हनत्यात व्हय?"

"हो."

"कवापास्नं?"

"पाऊस लागल्यापासून."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

आत काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "गाव हसत हुतं, तुमी बी हसत हुता. सांगनार कोन आन् कुनाला?"

नाना उठले आणि आत गेले.

दिवाळीची सुट्टी संपली आणि अश्विनी शाळेत आलीच नाही. चौकशीला जायचं मी ठरवलं, तर नाना म्हणाले, "मी बी येतो." ओढ्याला पाणी ओसरलं होतं तरी दगड निसरडे होते. नानांना सवय नव्हती. चाचपडत, घसरत आम्ही पलीकडे गेलो. सरपंच असूनही पावसाळ्यात ते कधी पल्याड आले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

सुमनच्या घरी भांडी गोणीत भरणं चाललं होतं. अश्विनी तवे, ताटं कागदात गुंडाळत होती. सुमनने आम्हाला बसायला घोंगडी टाकली, चहा टाकला. कपात कोरा चहा आला.

"दूध न्हाई," ती म्हणाली. "म्हशी इकल्या, नाना. दूध काय ओढा उतरस्तोवर थांबत न्हाई. रोज परत आनायचं, रोज वतून द्यायचं. कंटाळले. आता ह्यांनी चाकनला खोली बघितलीय. कंपनीच्या कँटीनात काम हाय माज्यापुरतं."

मी अश्विनीच्या शाळेचं विचारलं. "बघू तिकडं," सुमन म्हणाली. अश्विनीने मान खाली घातली आणि पुढचं ताट गुंडाळायला घेतलं.

नाना कप हातात धरून बसले होते. ते म्हणाले, "सुमन, माजं चुकलं."

 सुमनच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड होतं. "नाना, तुमी सभेत 'न्हाई देत पूल' म्हनला असता, तर मी भांडले असते. पंचायतीच्या दारात बसले असते. तुमी लोकास्नी हसवलं. हसल्याल्या मान्सांशी भांडायचं कसं, तेवडं सांगा."

नानांनी तो कोरा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. परत येताना ओढ्याच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, लई सोपं काम हुतं हो ते." पूल बांधण्याचं की लोकांना हसवण्याचं, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसानंतर नानांनी बोलणं थांबवलं नाही, पण हसवणं थांबवलं. लोक सवयीने त्यांच्याकडे बघायचे, आता काहीतरी येईल म्हणून तोंड हसरं करून वाट बघायचे, आणि नाना नुसतं कामाचं बोलून पुढे जायचे. गावाला ते आवडलं नाही. "नाना म्हातारे झाले," म्हणायला लागले.

एका सकाळी ते शिडी आणि चुन्याची बादली घेऊन कमानीपाशी गेले आणि वर चढून स्वतःच्या नावावर ब्रश मारायला लागले. खाली गर्दी जमली. ग्रामसेवक धावत आला. "नाना, काय करताय? सरकारी काम आहे ते."

"माजं नाव हाय ना? माज्या नावाला तरी मी मालक हाय का न्हाई?"

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"म्हनू द्या. आजवर लोकांनी काय म्हनावं ह्येच बघत आलो मी."

पंचायतीतल्या बाकीच्यांनी नाव पुन्हा रंगवून घेतलं. नानांनी पुन्हा चुना मारला. असं काही काळ चाललं. शेवटी पेंटरच कंटाळला आणि ती जागा पांढरट, डागाळलेली तशीच राहिली.

पुढची निवडणूक ते लढले नाहीत. सरपंच नसताना ते पुलाच्या मागे लागले, म्हणजे हातात काहीच नसताना. पारनेरला पंचायत समितीत, नगरला जिल्हा परिषदेत जाऊन बाकावर बसायचे. एकदा शाळेच्या कामासाठी मी नगरला गेले होते, तेव्हा तिथे भेटले. साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. साहेब चांगला माणूस होता, समजावून सांगत होता, "नाना, तुमच्या गावाला तर मागेच काम दिलंय. सगळ्याच गावांचं बघायला लागतं आम्हाला."

"दिलं साहेब. तुमी दिलं, आमीच वाया घालवलं," नाना म्हणाले.

साहेबाने मान वर करून पाहिलं. अशी कबुली त्या टेबलासमोर बहुधा कुणी दिली नसावी. त्याने खुर्ची पुढे केली. नाना बसले नाहीत.

कमानीची त्यांची कीर्ती मात्र पसरली होती. शेजारच्या एका गावाने कमानीच्या भूमिपूजनाला त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते सहसा कुठे जात नसत, पण या बोलावण्याला लगेच हो म्हणाले. आम्ही शाळेतले दोघे-तिघे आणि काकू असे बरोबर गेलो. मांडव होता, शाल-नारळ ताटात मांडून ठेवलेले होते. सूत्रसंचालकाने नानांचं खूप कौतुक केलं. नाना माईकपाशी गेले, आणि लोक हसायच्या तयारीत सावरून बसले.

"मी तुमाला सांगायला आलोय का ही कमान बांदू नका," नाना म्हणाले.

लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद सुरू झाला.

"हसू नका. मी खरं बोलतोय. हमरस्ता बघा, पुन्याकडं कसा सुसाट जातो. सरकारनं केवडा पैसा घातला त्यात. त्याच्यावरनं ट्रक सुप्यापातूर येतो, सुप्यावरनं तुमच्या-आमच्या गावापातूर येतो, आन् ओढ्यात येऊन थांबतो. रस्ता म्हंजे साखळी हाय. एक कडी नसली का बाकीचं लोखंड फुकाट. आमच्या गावात ती कडी बसवायची पाळी माज्यावर आलती. मी हत्ती बसवले."

मांडवात चुळबुळ सुरू झाली. नाना थांबले नाहीत. "आमच्या पल्याडची बाई म्हशी इकून गेली. तिच्या मागं आनखी घरं गेली. पल्याडच्या पोरांस्नी कुनी मुली देईनात, का, तर सासरी जायला रस्ता न्हाई. गॅसची टाकी अल्याड, मानूस पल्याड. लाईट गेली का वायरमन पानी उतरायची वाट बघतो. हे सगळं मला ठावं हुतं बरं का. मला ठावं न्हवतं असं न्हाई. पूल झाला असता तर त्याच्याकडं कुनी वर मान करून बघितलं नसतं, म्हनून मला तो नको हुता. कमानीकडं बघत्यात. पुलावरनं नुसतं जात्यात. पर जगनं त्या जान्यावरच चालतं, ही अक्कल मला उशिरा आली. तुमाला वेळेवर यावी म्हनून आलो."

ते खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. यजमानांनी घाईने पुढचा कार्यक्रम घेतला, कुदळ मारली, नारळ फोडला. शाल ताटातच राहिली. त्या गावाने कमान बांधलीच, आणि आमच्यापेक्षा मोठी बांधली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये काकू म्हणाल्या, "एवडं लोकांम्होरं कशाला सांगायचं?" नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हसवलं बी लोकांम्होरंच हुतं ना."

मी राहुरीला गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ओढ्यावर पूल झाला. रस्त्यांच्या एका योजनेत, दुसऱ्याच सरपंचाच्या काळात. पाया खणताना काय लागलं, किती दिवस काम बंद होतं, हे नाना मला फोनवर सविस्तर सांगायचे. उद्घाटनाच्या दिवसाचं मात्र काकूंकडून कळलं. "कपडे घालून बसले हुते सकाळपास्नं. बोलवायला दोनदा मानूस आला. उठले न्हाईत. शेंगा फोडत बसले."

पुलाने काय केलं ते मी पुढे गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. दुधाची पिकअप आता पल्याडच्या गोठ्यांपर्यंत जाते. कांद्याचा व्यापारी शेताच्या बांधावर येऊन उभा राहतो आणि बाकीच्यांना देतो तोच भाव देतो. मुलं सायकलवर, कोरड्या कपड्यांनी शाळेत येतात. गेलेल्यांतली दोन-तीन घरं परत आली. कुणी पॉलिहाऊस घातलं, कुणी नवीन घर बांधलं. कुणी पुलाचं कौतुक करत नाही. तो आहे, एवढंच.

सुमन परतली नाही. पूल झाल्यावर नानांनी तिला फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, "चांगलं झालं, नाना. अश्विनीचं लगीन करून दिलं. आमी आता हितंच रुळलो." अश्विनी पुढे शिकली का, हे नानांनी विचारलं. दहावी राहिली ती राहिलीच. सुमनच्या घराला कुलूप आहे आणि अंगणात बाभळी वाढल्या आहेत.

नानांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला. पल्याडच्या एका घरची वास्तुशांत होती, आम्हा दोघांनाही जेवायचं बोलावणं होतं. नाना खूप थकले होते. काठी आली होती, पण चालायचा हट्ट होता. पुलापाशी पोचलो तेव्हा मी सरळ वर चालू लागले. मागे काठीचा आवाज येईना म्हणून वळून पाहिलं, तर नाना कडेच्या पायवाटेने ओढ्यात उतरत होते.

"नाना, पूल आहे ना," मी म्हणाले.

"हाय की. तुमी या वरनं."

"अहो, पाणी आहे. दगड निसरडे असतील."

"आस्त्यात," ते म्हणाले आणि खाली उतरले. ते नेहमी असेच जातात, कुणाचं ऐकत नाहीत, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

मी पुलाच्या कठड्याशी थांबून खाली बघत राहिले. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागत होतं. एका हातात काठी आणि चपला, दुसऱ्या हाताने लेंगा वर धरलेला. ते निम्म्यात असताना मागून दुधाची पिकअप आली आणि हॉर्न देऊन माझ्या जवळून पलीकडे गेली. कॅन एकमेकांवर आपटत होते. नाना पाण्यातच थांबले. गाडी वळणामागे जाईपर्यंत मान वर करून बघत होते. मग त्यांनी काठी पुढे टाकली आणि पुढचा दगड पायाने चाचपायला लागले.